नुसती लाज पुरत नाही, गाडीही हवी

डिसेंबर २०२५ च्या मध्यावर पॅरिस आणि बर्लिन या दोन राजधान्यांमध्ये धावणारी ‘नाइटजेट’ ही रात्रीची रेल्वेगाडी बंद झाली. ऑस्ट्रियाच्या सरकारी रेल्वेने ती डिसेंबर २०२३ मध्ये सुरू केली होती. म्हणजे ती उणीपुरी दोन वर्षे चालली. पॅरिस-व्हिएन्ना ही तिची जोडगाडीही तेव्हाच थांबली. फ्रान्स सरकारने अनुदानातून अंग काढून घेतले आणि त्याविना गाडी चालवणे परवडत नाही, असे रेल्वेने सांगितले. याच फ्रान्सने मे २०२३ मध्ये एक नियम लागू केला होता. जेथे रेल्वेने अडीच तासांच्या आत पोहोचता येते, अशा देशांतर्गत मार्गांवर विमान उडवायचे नाही, असा तो नियम. जगभर त्याचे कौतुक झाले. लोकांनी विमान सोडावे म्हणून नियम करायचा आणि ज्या गाडीने जायचे तीच बंद पडू द्यायची, असा हा उफराटा प्रकार आहे.

युरोपात एका शहरातून दुसऱ्या शहरात विमानाशिवाय जाणे, हा वरवर हौशी प्रवाशांचा विषय वाटतो. आरोग्याच्या सदरात त्याचे काय काम, असेही कोणी विचारेल. काम असे आहे, की हा माणसांच्या सवयी बदलण्याचा मोठा प्रयोग आहे आणि त्याच्या यशापयशाशी माणसांचे जगणे-मरणे जोडलेले आहे.

तापणारे खंड

जागतिक हवामान संघटनेच्या नोंदींनुसार १९८० च्या दशकापासून युरोप हा जगाच्या सरासरीच्या दुप्पट वेगाने तापतो आहे. २००३ च्या उन्हाळ्यात तेथे ७० हजारांहून अधिक जादा मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. २०२२ च्या उन्हाळ्यातील उष्णतेशी निगडित मृत्यूंचा संशोधकांचा अंदाज ६१ हजारांच्या पुढे होता. या मृत्यूंच्या दाखल्यावर ‘उष्माघात’ असे क्वचितच लिहिलेले असते. तेथे हृदयविकार, मूत्रपिंड निकामी होणे, श्वसनाचा आजार अशीच नोंद होते. मरणारे बहुतेक वृद्ध असतात. त्यांची घरे थंडी अडवण्यासाठी बांधलेली असतात आणि ती उन्हाळ्यात भट्टीसारखी तापतात.

या तापण्यात विमानांचा वाटा किती? जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी साधारण अडीच टक्के विमानवाहतुकीतून येते. पण हिशेब तेथेच संपत नाही. उंचावरच्या थंड, दमट हवेत विमानामागे जी पांढरी रेघ उमटते, ती कधी कधी पसरून पातळ ढगासारखी होते आणि जमिनीकडून वर जाणारी उष्णता अडवते. अशा परिणामांची भर धरली, तर मानवी कारणांनी होणाऱ्या तापमानवाढीत विमानांचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो. हा आकडा लहान वाटेल, पण तो किती थोड्या लोकांमुळे निर्माण होतो, ते पाहायला हवे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०१८ या वर्षात जगातील जेमतेम ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला आणि प्रवासी विमानांच्या निम्म्या उत्सर्जनाला लोकसंख्येतील एक टक्का माणसे कारणीभूत होती. वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या खोलीत एकटी राहणारी ऐंशी वर्षांची बाई आणि दर शनिवार-रविवार दुसऱ्या देशात उडणारा तरुण यांची गाठ कधी पडत नाही. तिचा उन्हाळा मात्र काही अंशी त्याच्यासारख्यांच्या तिकिटांवर ठरतो.

तेच अंतर रेल्वेने कापले तर फरक मोठा पडतो. ब्रिटिश सरकारच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशांतर्गत विमानात दर प्रवाशामागे दर किलोमीटरला सुमारे २४६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. साध्या रेल्वेत ते सुमारे ३५ ग्रॅम असते. लंडनहून समुद्राखालच्या बोगद्यातून पॅरिसला जाणाऱ्या युरोस्टारमध्ये तर ते त्याच्याही कितीतरी खाली येते. कारण ती विजेवर चालते आणि फ्रान्समधील बरीचशी वीज अणुऊर्जेची आहे.

सल्ल्याची मर्यादा

स्वीडनमध्ये २०१८-१९ च्या सुमारास ‘फ्लिगस्काम’ हा शब्द घरोघरी पोहोचला. त्याचा अर्थ विमानाने उडण्याची लाज. ग्रेटा थनबर्ग ही शाळकरी मुलगी जानेवारी २०१९ मध्ये स्टॉकहोमहून दावोसला रेल्वेने गेली. या प्रवासाला सुमारे ३२ तास लागले. २०१९ मध्ये स्वीडनच्या सरकारी विमानतळांवरील प्रवासी आदल्या वर्षीपेक्षा चार टक्क्यांनी घटले. देशांतर्गत प्रवाशांतील घट त्याहून मोठी, नऊ टक्क्यांच्या आसपास होती. अर्थात त्याआधी एप्रिल २०१८ मध्ये तेथे विमान तिकिटांवर करही लागला होता. त्यामुळे ही घट लाजेमुळे किती आणि करामुळे किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. पुढे जुलै २०२५ मध्ये सरकारने तो कर रद्द केला.

यातला पेच कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज दिसतो. मधुमेहाच्या रुग्णाला ‘रोज अर्धा तास चाला’ असे सांगितले जाते. तो मनापासून मान डोलावतो. त्याच्या वस्तीत पदपथच नसेल, रस्त्यावर दिवे नसतील, बारा तासांची पाळी असेल, तर तीन महिन्यांनी त्याची साखर होती तेथेच असते. धूम्रपानाचेही तसेच. ते कमी झाले ते एकट्या उपदेशाने नव्हे. किंमत वाढली, सार्वजनिक जागी बंदी आली, जाहिराती थांबल्या, सोडू पाहणाऱ्याला मदत मिळाली, तेव्हा उपदेशाला धार आली. सवय बदलण्यासाठी तीन गोष्टी लागतात. पर्याय हाताशी हवा, तो परवडायला हवा आणि नियमांचा रोख एकाच दिशेने हवा. युरोपातील विमानमुक्त प्रवासाला याच तीन कसोट्या लावून पाहायला हव्यात.

पर्याय आहे तेथे लोक वळतात

पर्याय खरोखर चांगला असेल, तर लोक लाजेची वाट पाहत नाहीत. माद्रिद ते बार्सिलोना हे सुमारे ६०० किलोमीटरचे अंतर २००८ पासून वेगवान रेल्वेने अडीच तासांच्या आसपास कापता येते. एके काळी युरोपातल्या सर्वांत गजबजलेल्या हवाई मार्गांपैकी हा एक होता. तेथे आता रेल्वे विमानाच्या पुढे आहे. २०२१ नंतर त्या मार्गावर स्पर्धक कंपन्या आल्या आणि भाडेही उतरले. इटलीत मिलान-रोम प्रवास तीन तासांवर आला तेव्हा हेच घडले. विमानतळावर दीड-दोन तास आधी जायचे, तपासणीच्या रांगेत उभे राहायचे, उतरल्यावर पुन्हा शहरात यायचे, हा सगळा वेळ धरला की तीन-चार तासांची रेल्वे हमखास जिंकते.

अडचण सुरू होते ती सीमा ओलांडताना. माद्रिद आणि लिस्बन या शेजारी देशांच्या राजधान्या आहेत. विमानाने त्यांच्यातील अंतर सव्वा तासाचे. पण २०२० मध्ये बंद पडलेली रात्रीची गाडी पुन्हा सुरू झालीच नाही. त्यामुळे आज तेथे थेट रेल्वे नाही. गाड्या बदलत जायला जवळपास सगळा दिवस लागतो.

मुंबईत रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसून सकाळी कोल्हापुरात उतरणाऱ्या माणसाला याचे नवल वाटेल. आपल्याकडे मुंबईहून हावड्यापर्यंतचे सुमारे दोन हजार किलोमीटर एका तिकिटावर, एकाच गाडीत झोपून जाता येतात. कारण रेल्वे एक, रुळांची रुंदीही बहुतेक सगळीकडे एक आणि तिकिटाची व्यवस्थाही एक. युरोपात देशागणिक रेल्वे वेगळी आहे. स्पेन-पोर्तुगालच्या जुन्या रुळांची रुंदी १६६८ मिलिमीटर, तर फ्रान्स-जर्मनीत १४३५ मिलिमीटर. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये वीज एका दाबाची, इटली-बेल्जियममध्ये दुसऱ्या, नेदरलँड्समध्ये तिसऱ्या. सिग्नलच्या पद्धती वेगळ्या आणि चालकाला यावी लागणारी भाषाही वेगळी. सीमा ओलांडणाऱ्या गाडीला या सगळ्यांसाठी सज्ज असे महागडे इंजिन लागते किंवा वाटेत इंजिन आणि चालक बदलावे लागतात.

तिकिटाचीही तीच कथा. तीन देशांतून जायचे, तर अनेकदा तीन ठिकाणी तिकिटे काढावी लागतात. पहिली गाडी उशिरा आली आणि दुसरी चुकली, तर वेगवेगळी तिकिटे असलेल्या प्रवाशाला पुढच्या गाडीचा हक्क मिळेलच असे नाही. हा धोका कागदावरचा नाही. जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये साडेबासष्ट टक्केच वेळेवर होत्या. सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर म्हणजे ‘वेळेवर’, अशी तेथील व्याख्या आहे. जर्मनी युरोपच्या मध्यावर असल्याने तिथला उशीर शेजारच्या देशांनाही भोवतो.

स्वस्त काय आणि का

दुसरी कसोटी पैशाची. ग्रीनपीस या संस्थेने २०२३ मध्ये युरोपातील ११२ मार्गांची तुलना केली. रेल्वेचे भाडे विमानाच्या सरासरी दुप्पट निघाले. विद्यार्थी किंवा चार माणसांचे कुटुंब यांच्यासमोर हा प्रश्न नैतिकतेचा उरत नाही, खिशाचा होतो.

ही तफावत आपोआप आलेली नाही. आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीची चौकट १९४४ च्या शिकागो करारात घातली गेली. युद्धानंतरच्या जगात देश एकमेकांशी हवाईमार्गे जोडले जावेत, असा त्यामागचा हेतू होता. विमानाच्या टाकीत आलेल्या इंधनावर दुसऱ्या देशाने कर लावू नये, असे त्यात ठरले. पुढे ही सवलत सर्वत्र रुजली आणि युरोपीय संघाच्या २००३ च्या ऊर्जाकर निर्देशांतही व्यावसायिक विमानांचे इंधन करमुक्त राहिले. मोटारीत पेट्रोल भरणारा माणूस कर देतो, विमान देत नाही. उलट रेल्वेगाडीला रुळांच्या वापराचे शुल्क किलोमीटरवारी मोजावे लागते आणि विजेचे बिल वेगळे. त्यात रात्रीच्या गाडीची आणखी एक अडचण असते. ज्या डब्यात दिवसा सत्तर-ऐंशी माणसे बसतात, त्यात झोपायची सोय केली की निम्मीच मावतात. तो डबा रात्रभरात एकच फेरी करतो. अनुदान काढून घेतले की आधी अशीच गाडी कोलमडते.

काही बाबतींत काटा थोडा सरकला आहे. जर्मनीने २०२० मध्ये लांब पल्ल्याच्या रेल्वे तिकिटांवरील मूल्यवर्धित कर १९ वरून ७ टक्क्यांवर आणला. युरोपांतर्गत उड्डाणांना २०१२ पासून कार्बन परवाने लागू आहेत. त्यातील मोठा वाटा आजवर फुकट मिळत होता. २०२६ पासून ही खिरापत बंद झाली आहे.

तिसरी कसोटी नियमांची. फ्रान्सच्या बहुचर्चित बंदीची व्याप्ती पाहिली तर निराशा होते. नागरिकांच्या परिषदेने चार तासांची मर्यादा सुचवली होती. ती कायद्यात अडीच तासांवर आली. प्रत्यक्षात पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून बोर्दो, नांत आणि लियाँ या तीन शहरांकडे जाणारी विमाने तेवढी थांबली. पुढचे विमान पकडण्यासाठी येणाऱ्या प्रवाशांची उड्डाणे वगळली गेली. प्रतीक म्हणून नियम चांगला आहे, पण त्याची मात्रा फारच अपुरी आहे.

प्रवाशाच्या शरीराचे काय?

हवामानाचा मुद्दा बाजूला ठेवला, तरी या दोन प्रवासांचा शरीरावरचा परिणाम सारखा नसतो. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब समुद्रसपाटीइतका नसतो. तो सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगरावर असावा तितका असतो. निरोगी माणसाला ते जाणवत नाही. फुप्फुसांचा जुनाट आजार किंवा हृदयाची कमजोरी असलेल्यांच्या रक्तातील ऑक्सिजन मात्र त्याने उतरतो. नुकतीच छातीची शस्त्रक्रिया झालेल्यांना विमान काही काळ वर्ज्यच असते. कान आणि सायनसच्या आजारांत उतरताना होणारी वेदना अनेकांना माहीत असते. जमिनीवरून जाणाऱ्या गाडीत हे प्रश्न सहसा येत नाहीत.

पायांतील नसांमध्ये रक्त गोठण्याचा धोका मात्र एकट्या विमानाला चिकटवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक वेळ एका जागी बसून केलेल्या कोणत्याही प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो, मग ते विमान असो, बस, मोटार की रेल्वे. मुळात हा धोका कमी आहे. अशा प्रवासातील सुमारे सहा हजारांत एकाला तो गाठतो. रेल्वेचा फायदा एवढाच, की तेथे उठून डब्यातून फिरता येते आणि रात्रीच्या गाडीत पाय लांब करून आडवे होता येते. लठ्ठपणा, गर्भनिरोधक गोळ्या, पूर्वी झालेल्या गुठळ्या, अलीकडची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल, तर दर तासाला चालणे, पोटऱ्यांची हालचाल करणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने दाबाचे मोजे घालणे हे रेल्वेतही लागू आहे.

झोपेबद्दल अवास्तव अपेक्षा नकोत. नव्या जागी पहिल्या रात्री मेंदू पूर्ण विसावत नाही, हे झोपेच्या अभ्यासांत वारंवार दिसले आहे. चालत्या गाडीत तर धक्के आणि आवाजही असतात. झोपेत श्वास अडकण्याचा विकार असलेल्यांनी आपले यंत्र चालवायला डब्यात विजेची सोय आहे का, हे आधी विचारावे. गुडघे-कमरेचे दुखणे असलेल्यांनी वरचा बर्थ घेऊ नये. सामान स्वतःच उचलावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

प्रवास न करणाऱ्यांच्या शरीराचाही विचार हवा. विमानतळाभोवती राहणाऱ्यांच्या हवेत अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण जास्त आढळते. ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाभोवती झालेल्या डच सरकारी संशोधनात या कणांचा दीर्घकाळ संपर्क हृदयासाठी आणि गर्भासाठी घातक असण्याची शक्यता दिसली. आवाजाचे पुरावे तर अधिक पक्के आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या आवाजाच्या मर्यादा सुचवल्या. विमानांसाठी ४० डेसिबल, तर रेल्वेसाठी ४४. विमानासाठी मर्यादा कडक, कारण तितक्याच आवाजाला विमान झोप अधिक मोडते. पण रेल्वेलाही मर्यादा आहेच. रुळांशेजारी राहणाऱ्यांना रात्रीच्या जादा गाड्या म्हणजे आनंदवार्ता नसते, हे नियोजनकर्त्यांनी विसरता कामा नये.

रेल्वेने काय होणार नाही?

रेल्वे हा रामबाण नाही. युरोपातून उडणाऱ्या विमानांपैकी चार हजार किलोमीटरहून लांब जाणारी उड्डाणे साधारण सहा टक्के आहेत, पण उत्सर्जनाचा जवळपास निम्मा भाग त्यांचा आहे. उलट पाचशे किलोमीटरच्या आतली उड्डाणे संख्येने खूप, तरी त्यांचा वाटा जेमतेम चार टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अगदी छोटे मार्ग बंद करून फार काही साधत नाही आणि महासागर ओलांडायला रेल्वे उपयोगाची नाही. खरी संधी मधल्या टप्प्यात आहे. पॅरिस-बर्लिन, व्हिएन्ना-रोम, ब्रुसेल्स-प्राग अशी ही अंतरे. दिवसा जायला ती कंटाळवाणी आणि रात्री झोपून जायला अगदी बेताची. म्हणूनच रात्रीच्या गाडीचे बंद पडणे ही जुन्या काळाबद्दलची हळहळ मानून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही. जेथे औषध लागू पडते, नेमका तेथलाच पुरवठा तुटला आहे.

त्या मार्गावर आशा पूर्ण मावळलेली नाही. ‘युरोपियन स्लीपर’ या बेल्जियन-डच सहकारी कंपनीने मार्च २०२६ पासून पॅरिस-बर्लिन रात्रीची गाडी आठवड्यातून तीनदा चालवण्याचे जाहीर केले. शेकडो छोट्या भागधारकांनी भांडवल गोळा करून उभी केलेली ही कंपनी २०२३ पासून ब्रुसेल्स-बर्लिन गाडी चालवते आणि २०२४ मध्ये तिने ती प्रागपर्यंत नेली. युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०२५ मध्ये २०४० पर्यंतच्या वेगवान रेल्वेजाळ्याचा आराखडा मांडला. त्यात बर्लिन-कोपनहेगन प्रवास सात तासांवरून चार तासांवर आणण्याचे उद्दिष्ट आहे. अनेक देशांतून जाणारे तिकीट एकाच ठिकाणी, एकाच हक्कासह मिळावे, असा कायदा आणण्याचेही आयोगाने कबूल केले आहे. नवे बोगदे खणायला दशके लागतात. एका तिकिटाच्या कायद्याला सिमेंट लागत नाही, राजकीय इच्छा लागते. त्यामुळे युरोपीय सरकारे या बाबतीत किती गंभीर आहेत, हे कळण्याची तीच पहिली खूण ठरेल.

महाराष्ट्रातून मुलांना भेटायला किंवा सहलीला युरोपात जाणाऱ्यांना तेथवर पोहोचण्यासाठी विमानाला पर्याय नाही. तेथे उतरल्यावर मात्र आहे. पॅरिस-झुरिक हा प्रवास रेल्वेने सुमारे चार तासांचा आहे. लंडन-पॅरिस सव्वादोन तासांचा. युरोपाबाहेरच्या नागरिकांसाठी ‘युरेल’ पास मिळतो. तो असला, तरी वेगवान आणि रात्रीच्या बहुतेक गाड्यांना वेगळे आरक्षण लागते. ते लवकर करावे, औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत आणि गाडी बदलायची असेल तेथे निदान तासाभराची फट ठेवावी. सहलीचे आरक्षण करताना ‘हा टप्पा रेल्वेने करता येईल का’ असे कंपनीला विचारायला पैसे पडत नाहीत. पुरेशा लोकांनी विचारले, तर सहलीचा आराखडाही बदलतो.